शोभेच्या झाडाची पानं करपतायत? या चुका टाळा

पानांच्या कडा तपकिरी झाल्या की बहुतेक जण आधी पाण्याची नळी लावतात. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कुणी पानाचा फोटो दाखवला तर मी आधी विचारतो, "माती उकरून बघितली का?" पाणी कमी पडलं तरी कडा करपतात आणि जास्त झालं तरी कडाच करपतात. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड चिखलात उभं असतं आणि वर पानं तहानेनं वाळत असतात.

ओळखीच्या एका घरी डोक्यावर गेलेलं फायकसचं झाड होतं. कडा करपल्या तसं सकाळच्या जोडीला संध्याकाळचंही पाणी सुरू झालं. आठवड्यानं बुरशीनाशक मारलं, मग ताकद यावी म्हणून खत. मी गेलो तेव्हा आळ्यातली माती चपलेला चिकटत होती. खुरप्यानं वीतभर उकरलं तर नासक्या अंड्यासारखा वास आला. एक बारीक मुळी चिमटीत धरून ओढली, तिची साल सरकून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. पाणी बंद केलं, आळं फोडून निचऱ्याला वाट दिली, बाकी काही घातलं नाही. त्यानंतरही पानं गळत राहिली. घरचे घाबरले, पण थांबले. पुढे पालवी फुटली ती अर्ध्याच फांद्यांना. उरलेल्या कापाव्या लागल्या. पहिल्याच दिवशी खुरपं चाललं असतं तर त्याही वाचल्या असत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी दोन-तीन ठिकाणी वीतभर उकरतो आणि खालची माती मुठीत दाबतो. चिखल झाला तर पाणी बंद. भुरभुरली तर सावकाश, भरपूर पाणी, तेही फांद्यांच्या घेराखाली. पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या 30 ते 45 सेंटीमीटर मातीत असतात आणि घेराबाहेरही पसरतात. बुंध्याशी बादली ओतून त्यांच्यापर्यंत फारसं काही पोचत नाही.

दुसरी चूक बुंध्याशी मातीची भर घालण्याची. बुंधा जमिनीत शिरताना रुंद व्हायला हवा. खांबासारखा सरळ आत जात असेल तर झाड गाडलं गेलंय. माती बाजूला करा. तेवढ्यात लावणीच्या वेळची नायलॉनची दोरी सालीत रुतलेली नाही ना, तेही बघा.

आजारी झाडाला खत घालू नका. जास्तीच्या क्षारांनी मुळं आणखी करपतात.

पान न उलटता औषध मारू नका. चाफ्याच्या पानाखाली नारिंगी भुकटी असेल तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. पानावर बारीक फिके ठिपके दिसले तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ते कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड.

वाळकी दिसली म्हणून फांदी लगेच तोडू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे.

आणि चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून उपाय बदलू नका. करपलेला भाग परत हिरवा होतच नाही, त्यामुळे जुनी पानं बघून काही कळणार नाही. मी एका फांदीला सुतळी सैल बांधून ठेवतो आणि तिच्या शेंड्याला येणारी नवी पानंच तेवढी बघतो.