मोबाइलवर पान आडवं सरकतंय? आधी कागदावर आखा

वरूडकडच्या आमच्या संत्रा गटाचं वेब पान संगणकावर नीट दिसायचं, मोबाइलवर मात्र आडवं सरकायचं. संत्र्याच्या दरांचा तक्ता अर्धा कापलेला, फोन नंबर पार तळाशी.

अक्षरं लहान केली, टेम्पलेट बदललं, तक्त्याचा फोटो टाकून पाहिला. त्यातले आकडेच वाचता येईनात. पार वैताग आला होता.

जमलं ते असं. संगणक बंद ठेवून आधी व्यापारी फोनवर काय विचारतात ते लिहिलं: माल आंबिया बहाराचा की मृग बहाराचा (संत्र्याचे दोन हंगाम), बाग कुठं, तोडणी कधी, बोलायचं कुणाशी. हाच पानाचा क्रम ठरला. नंबर तेवढा वर घेतला.

मग आलेखाच्या कागदावर 18 सेंटिमीटर रुंद उभी चौकट आखली. 1 सेंटिमीटर म्हणजे 20 पिक्सेल, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पानाला 360 पिक्सेलच्या आसपास रुंदी मिळते. सहा रकान्यांचा तक्ता तिथंच अडला! म्हणून प्रत्येक बहाराची वेगळी पेटी केली, रकाने एकाखाली एक. फोनचं बटण 48 पिक्सेल उंच, म्हणजे कागदावर 2.4 सेंटिमीटर. हा कागद गटातल्या काकांपुढं धरला, "नंबर दाखवा" म्हटलं. त्यांचं बोट लगेच तिथं गेलं, तेव्हाच कोडला हात लावला.

कोडमध्ये पहिल्यांदा व्ह्यूपोर्ट टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते ब्राउझरला सांगणारी ओळ; रुंदी उपकरणाइतकी. मग सगळं एकाच रकान्यात, पेट्यांना ठरावीक पिक्सेल रुंदी न देता. चित्रांना कमाल रुंदी 100 टक्के. दोन रकाने सगळ्यात शेवटी, तेही पडद्याची रुंदी 768 पिक्सेलच्या पुढं असेल तरच.