चढ आणि एक बिंदू दिला असता रेषेवरील इतर बिंदू कसे काढावेत

रेषेचा चढ ही एकच संख्या म्हणून लिहिलेली असली, तरी तिच्यात दोन हालचाली दडलेल्या असतात: छेद सांगतो आडवे किती सरकायचे आणि अंश सांगतो उभे किती सरकायचे. म्हणून चढ नेहमी अपूर्णांकाच्या रूपात लिहून घ्यावा. चढ ३ असेल तर ३/१ आणि ०.४ असेल तर २/५.

समजा, रेषा (−४, ५) या बिंदूतून जाते आणि तिचा चढ −२/३ आहे. ऋण चिन्ह अंशाला द्यावे, म्हणजे क्ष-निर्देशक ३ ने वाढला की य-निर्देशक २ ने कमी होतो. त्यानुसार (−१, ३), (२, १), (५, −१) असे बिंदू मिळतात. डावीकडे जायचे असल्यास दोन्ही चिन्हे बदलतात: क्ष ३ ने कमी, य २ ने जास्त, म्हणून (−७, ७). सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण ऋण चिन्ह अंश आणि छेद दोघांनाही दिले की चढ नकळत धन होतो आणि (−७, ३) हा रेषेबाहेरचा बिंदू हाती येतो. आलेख कागदावर मात्र ही चूक लगेच दिसते: उजवीकडे उतरणाऱ्या रेषेवरचा बिंदू डावीकडे जाताना खाली असूच शकत नाही.

पावले मोजत गेल्याने काही बिंदू सुटतात. आपली रेषा य-अक्षाला कुठे छेदते, हे वरच्या यादीतून कळत नाही, कारण −१ वरून आपण थेट २ वर उडी मारली. अशा वेळी ‘दिलेल्या बिंदूपासून य मधील फरक = चढ × क्ष मधील फरक’ यावरून मिळणारे य − ५ = −२/३ (क्ष + ४) हे समीकरण वापरावे. त्यात क्ष = ० ठेवल्यास य = ५ − ८/३ = ७/३ येते; उलट य = ० ठेवल्यास क्ष + ४ = ७.५, म्हणजे क्ष = ३.५. कंसातील चिन्ह अधिक का, असा प्रश्न पडतो. −४ वजा केल्यामुळे ते अधिक झाले आहे.

चढ शून्य असेल तर य-निर्देशक तोच ठेवून क्ष हवा तो घ्यावा. क्ष-अक्षाला लंब असलेल्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. तिथे क्ष-निर्देशक कायम राहतो आणि य बदलतो.

पडताळा शेजारच्या बिंदूंवर न घेता दूरच्या दोन बिंदूंवर घ्यावा, कारण मधल्या एखाद्या पावलात झालेली चूक शेजारच्या दुसऱ्याच जोडीत लपून राहते. (−७, ७) आणि (५, −१) घेतल्यास य मधील फरक −८ आणि क्ष मधील फरक १२ येतो, आणि −८/१२ म्हणजे −२/३ च. पट्टीने रेषा आखतानाही हेच दोन बिंदू धरावेत. जवळचे बिंदू जोडून रेषा लांबवली की पेन्सिलीच्या टोकाएवढा फरकही पुढे वाढत जातो.