भरतीची वेळ जुळत नव्हती, ती अशी जुळवली

भरती-ओहोटीच्या तक्त्यातली भरतीची वेळ आणि आमच्या खाडीत खरंच पाणी चढायची वेळ यांचा मेळच बसत नव्हता. तक्ता असतो मुख्य बंदराचा, खाडीत आत पाणी पोचायला वेळ लागतो, आणि उथळ तळामुळे ओहोटीला भरतीपेक्षा जास्त उशीर होतो, म्हणून दोन्हीला एकच फरक लावून बिलकुल चालत नाही.

मग मी काय केलं, धक्क्याच्या खांबावर दर 10 सेंटीमीटरला रंगाची खूण केली आणि पाणी चढायचं किंवा उतरायचं थांबलं की वेळ नि उंची वहीत लिहीत गेलो, मग ती वेळ तक्त्यातल्या वेळेशी ताडून भरतीचा नि ओहोटीचा उशीर वेगवेगळा काढला. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तो काळ, दोन्ही घ्या हां, फरक दोन्हीकडे सारखा येत नाही. वाऱ्यावादळाचे दिवस मी बाजूलाच ठेवले, कारण हवेचा दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण 1 सेंटीमीटर वर येतं, वारा लोटतो ते वेगळंच.

उंचीचं जरा नीट बघा. खांबावरचं शून्य आणि तक्त्यातलं शून्य एक नसतं, त्यामुळे थेट उंची लावायची नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी किती चढलं उतरलं त्याला बंदरातल्या तेवढ्याच फरकाने भागायचं. समजा इथे 2.4 मीटर आणि तिथे 3 मीटर, तर गुणोत्तर 0.8.

आता भरतीचा उशीर, ओहोटीचा उशीर आणि हे गुणोत्तर, तिन्ही आकडे तक्त्याच्या मागेच लिहून ठेवलेत आणि होडी काढायची वेळ त्यावरूनच ठरवतो.