बायोडेटाच्या पहिल्या दोन ओळी : या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, भरतीचे अर्ज वाचणं हे माझं काम. डिप्लोमा आणि आयटीआयचे निकाल लागले की अर्जांचा ढीग येतो, आणि बहुतेकांच्या माथ्यावर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून एकच वाक्य असतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि कंपनीची प्रगती साधणे. डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर नमुना तयार असतो, नाव-पत्ता बदलून तोच सगळ्यांना मिळतो. वाईट याचं वाटतं, की त्यातली कित्येक पोरं हाताला चोख असतात आणि कागदावर मात्र एकमेकांसारखीच दिसतात.

त्या दोन ओळींत मला एवढंच शोधायचं असतं: अर्ज कोणत्या कामासाठी आहे, आणि त्यातलं तुम्हाला आज काय येतं. उदाहरणार्थ, व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या नियंत्रणाखाली धातू कापणारं मशीन) चालवणाऱ्यानं असं लिहावं: "व्हीएमसी ऑपरेटर पदासाठी अर्ज. आयटीआय मशिनिस्ट, एक वर्ष अप्रेंटिसशिप. फॅनुक कंट्रोलवर जॉब सेटिंग आणि टूल ऑफसेट स्वतः करतो. तिन्ही शिफ्टला तयार." अकाउंट्सकडे जाणाऱ्या मुलीनं 'मेहनती व प्रामाणिक' लिहिण्याऐवजी टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, ई-वे बिल असं लिहावं. लिहून झाल्यावर तेच वाक्य मित्राच्या बायोडेटात ठेवून बघा. तिथंही चपखल बसलं, तर ते तुमचं नाही.

"अनुभवच नाही, मग लिहू काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. मागं एक मुलगा मुलाखतीला आला होता. बोलता बोलता कळलं, की दर सुट्टीत तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असायचा. बायोडेटात त्याचा एक शब्द नव्हता. छंद मात्र होते, क्रिकेट आणि संगीत. विचारलं तर म्हणाला, "घरचंच काम ते सर, ते कशाला लिहायचं?" अहो, तेच तर लिहायचं! ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, तिथं टर्निंग-फेसिंग शिकलेला हात आम्हाला हवाच असतो. कॉलेजचा प्रोजेक्ट, इनप्लांट ट्रेनिंग, घरच्या दुकानाचा हिशेब, सगळं चालतं. फक्त तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा.

न येणारं मात्र लिहू नका. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरतो म्हणालात की लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारलं जाणारच. नेहमीच्या व्हर्नियरचं ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचं ०.०१ मिमी हे सांगताना अडखळलात, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

एकच बायोडेटा सगळीकडे धाडणं ही दुसरी मोठी चूक. शिरोलीतल्या फाउंड्रीला आणि इचलकरंजीच्या सूतगिरणीला एकच ऑब्जेक्टिव्ह कसं चालेल? जाहिरातीत 'क्वालिटी इन्स्पेक्टर, कास्टिंग' असेल, आणि ते काम तुम्ही केलं असेल, तर तेच शब्द वापरा. जॉब पोर्टलवर आम्ही शब्द टाकूनच शोधतो. नुसतं 'मशीन चालवतो' असं लिहिणारा 'सीएनसी' (कॉम्प्युटर-नियंत्रित मशीन) शोधताना सापडत नाही.

पाठवतानाही घोळ होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आडवा, सावली पडलेला फोटो येतो. ईमेलचा विषय कोरा. फाइलचं नाव 'न्यू फायनल २'. पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या, पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. आधार, पॅन, बँक खात्याचे नंबर बायोडेटात घालू नका. आणि नोकरी देतो म्हणून कुणी आधी रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले, तर तिथंच थांबा. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले असतात ते.

अर्ज पाठवल्यावर आठवड्याभरानं एक फोन जरूर करा, त्यात कमीपणा नाही. मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. निवडलेल्या मुलाला फोन लावावा आणि 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं ऐकू यावं, हे माझ्या बाबतीत अनेकदा घडलंय. अशा वेळी मला यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावावा लागतो.