प्लास्टिकच्या किटमधून युद्धनौका कशी बांधावी: विदर्भातल्या उन्हापावसाचा हिशेब धरून

तयार झालेलं मॉडेल खेळणं वाटेल की जहाज, हे बहुतेक वेळा जाडीवर ठरतं. रेलिंग किती जाड, डोलकाठी किती जाड, तोफेची नळी किती जाड आणि रंगाचा थर किती जाड. सुटे भाग हजार लावले तरी ते जाड राहिले, तर डोळा फसत नाही. उलट साधंच किट घेतलं, पण त्यातल्या मोक्याच्या गोष्टी बारीक केल्या, तर टेबलावरच्या वीतभर नौकेलाही खऱ्या जहाजाचं वजन येतं. म्हणून पुढे जागोजागी मी बारीकपणाचाच आग्रह धरणार आहे.

आधी एक हिशेब पाठ करून टाका. १:६०० प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ६० सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर उंचीचा खलाशी इथे जेमतेम २.८ मिलिमीटरचा होतो. मीटरभर उंचीचं रेलिंग १.७ मिलिमीटर. आणि ब्रशने रंगाचा ०.१ मिलिमीटर थर चढला, तर खऱ्या जहाजावर तुम्ही ६ सेंटिमीटर जाड रंग थापला असा त्याचा अर्थ. कुठलाही भाग लावण्यापूर्वी त्याला ६०० ने गुणून बघायची सवय लावून घ्या. निम्मे निर्णय त्यातच होतात.

कुठली नौका निवडावी

पहिल्यांदा बांधणाऱ्याने यामाटो या जपानी युद्धनौकेसारख्या अवाढव्य नौकेच्या मागे लागू नये. एखादी विनाशिका किंवा मध्यम क्रूझर घ्यावी. प्रमाणं मुख्यतः तीन दिसतील: १:६००, १:७०० आणि १:३५०. १:७०० मध्ये निवड सर्वांत मोठी आहे, कारण १९७१ पासून जपानमधल्या शिझुओकाच्या कंपन्यांनी मिळून याच प्रमाणात ‘वॉटरलाइन’ मालिका काढली. त्यात नौकेचा पाण्यावर दिसणारा भागच असतो. १:३५० ची किटं देखणी असतात, पण महाग, आणि क्रूझरसुद्धा अर्ध्या मीटरची होते.

माझी शिफारस एअरफिक्सच्या १:६०० मधल्या ‘एचएमएस एजॅक्स’ची आहे. साचा जुना आहे, भाग कमी आहेत, नौका साधारण २८ सेंटिमीटरची होते. शिफारशीमागे आणखी एक कारण आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धातल्या रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’ला भिडलेल्या तीन नौकांपैकी ही एक. तिच्याच वर्गातली ‘अकिलीस’ तिच्यासोबत त्या लढाईत होती. ही अकिलीस १९४८ मध्ये भारताकडे आली आणि ‘दिल्ली’ झाली. १९५० मध्ये पंडित नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले, डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिच्या तोफा चालल्या आणि १९७८ पर्यंत ती नौदलात होती. आपल्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी या नौकेशी आपलं नातं आहे. पुढेमागे याच किटमधून आयएनएस दिल्लीही बांधता येते. मात्र तेव्हा मागच्या दोन टरेटपैकी (टरेट म्हणजे तोफांचा फिरता बुरूज) वरचा, म्हणजे एक्स टरेट बसवायचा नाही. युद्धकाळातच तो काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. अशा गोष्टी किटच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात. म्हणून डबा उघडण्याआधी नौकेचे फोटो जमवा आणि ते कोणत्या सालचे आहेत ते बघा.

सामान

निपर, टोकदार चिमटा, ब्लेडचा चाकू, मॉडेलसाठीचा पातळ सिमेंट गोंद, पुट्टी, ॲक्रिलिक रंग, प्राइमर (रंगाआधीचा करडा अस्तर) आणि मॅट, म्हणजे न चमकणारं, वॉर्निश ऑनलाइन मागवावे लागतात. कुरिअर बहुतेक गावांत तालुक्यापर्यंतच येतं, तेव्हा सगळं एकदम मागवा. बाकीचं गावात मिळतं. ४००, ८०० आणि १००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात. फेविकॉल आणि फेविक्विक कुठेही. कटिंगसाठी घरात उरलेली फरशीची गुळगुळीत टाइल. आणि मेडिकलमधून इंजेक्शनच्या कोऱ्या सुया, २६ नंबरच्या. त्यांचं काम पुढे येईल.

हार्डवेअरमधून एक वस्तू मात्र आणू नका: एनसी थिनर. तो किटच्या प्लास्टिकवर पडला की प्लास्टिक विरघळतं. पेट्रोलही दूर ठेवा. ऑइल पेंट पातळ करायला टर्पेंटाइन चालतं, पण तेही वॉर्निशचा थर सुकल्यावरच.

ऋतू बघून काम

आपल्याकडे ही गोष्ट गोंद-रंगाइतकीच महत्त्वाची आहे. दिवाळी ते होळी हा रंगकामाचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ कडे जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो, ओढताना त्याचे पापुद्रे पडतात आणि एअरब्रश असेल तर फवारा मॉडेलवर पोचेपर्यंत कोरडा होऊन खरखरीत बसतो. उन्हाळ्यात रंगवायचंच असेल तर पहाटे उजाडल्या उजाडल्या बसा, रंगात रिटार्डरचा, म्हणजे रंग उशिरा सुकवणाऱ्या द्रवाचा, थेंब टाका आणि झाकणात ओला कागद पसरून त्यावर रंग घ्या. दुपारी लाइन गेली, पंखा-कुलर बंद झाला की कापण्या-घासण्याची कामं काढा. त्याला वारा नकोच असतो.

पावसाळ्यात झड लागली की वॉर्निश मारू नका. हवेतल्या ओलीमुळे त्यावर पांढुरकी झाक येते आणि ती काढणं जिकिरीचं काम आहे. झडीचे दिवस जोडकामाला द्या.

टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत किट कधीही ठेवू नका. बारीक भाग वाकतात. हलची, म्हणजे नौकेच्या धडाची, लांब पट्टी वाकलीच, तर गरम पाण्यात धरून, सपाट टाइलवर दाबून, गार पाण्याखाली सरळ करता येते.

धुणं आणि कापणं

किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात, त्या फ्रेमवरून न काढता कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असतं आणि रंग त्यावर टिकत नाही. शेवटचा हात मात्र कॅनच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा द्या. बोअरचं पाणी जड असतं, सुकलं की पांढरे डाग सोडतं.

भाग कापताना निपर आधी लांबून चालवा, मग उरलेला खुंट चाकूने तासा. जवळून एकदम कापलं की प्लास्टिकला खड्डा पडतो. जुन्या साच्याच्या किटमध्ये भागांच्या कडेला पातळ पापुद्रा सुटलेला असतो. तो चाकूच्या पात्याने खरवडून काढा. लागेल तेवढेच भाग काढा, बाकीचे फ्रेमवरच राहू द्या. कोपऱ्यात हरवलेला भाग शोधण्यात संध्याकाळ जाते.

हल आणि डेक

दोन अर्धे भाग आधी गोंदाशिवाय जुळवून बघा. मग टेपने धरून ठेवा आणि गोंदाचा ब्रश फटीला नुसता टेकवा. गोंद आपोआप आत ओढला जातो, प्लास्टिक थोडं वितळतं आणि जोड एकजीव होतो. बोटाखाली गोंद पसरू देऊ नका, नाही तर ठसा कायमचा राहतो. बाटली एखाद्या जड वाटीत ठेवा, झाकण लगेच लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

रात्रभर सुकू द्या. मग फटीत पुट्टी भरा आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा: आधी ४००, मग ८००, मग १०००. बोट फिरवून जोड लागत नाही असं वाटलं, तरी प्राइमरचा एक पातळ हात मारून बघा. डोळ्याला न दिसलेली फट करड्या रंगात लगेच दिसते. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग खास लक्ष देऊन घासा. तिथली धार बोथट राहिली तर नौका मालवाहू दिसते.

हलवरच्या गोल खिडक्या ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने किंचित खोल करा. हाताने फिरवायचा छोटा ड्रिल पुरतो. भोक आरपार नको, सावली पडेल एवढंच.

तोफा

खरी मेहनत इथे घाला. किटमधल्या तोफांच्या नळ्या जाड आणि टोकाला भरीव असतात. एजॅक्सच्या मुख्य तोफा ६ इंची, चार टरेटमध्ये दोन-दोन, म्हणजे एकूण आठ. २६ नंबरच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४६ मिलिमीटर असतो. ६०० ने गुणा: जवळपास २८ सेंटिमीटर. ६ इंची तोफेच्या नळीला हे चांगलं शोभतं, शिवाय सुई पोकळ असल्याने तोंड आपोआप तयार मिळतं.

सुई टाइलवर धरून तिचं तिरपं टोक त्रिकोणी कानशीने चहूबाजूंनी खाच पाडून मोडा. चष्मा घाला आणि चिमट्याने दुसरी बाजू पकडा, कारण तुकडा उडतो. मोडलेलं तोंड १००० च्या पेपरवर दोन-तीनदा फिरवा आणि आत साठलेला चुरा बारीक तारेने काढा. किटची नळी टरेटपासून कापून टाका, तिथे ०.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि सुईचा तुकडा फेविक्विकने बसवा. आठही नळ्या एकाच लांबीच्या हव्यात, म्हणून पुठ्ठ्यावर दोन रेघा मारून त्या मापाने कापा. टोकं आणि कचरा झाकणाच्या डबीत टाका, घरात लहान मुलं असली तर विशेषच.

ही आठ टोकं बसली की अख्ख्या मॉडेलचा नूर पालटतो. एवढ्या कमी पैशात दुसऱ्या कशानेही इतका फरक पडत नाही.

रंग

आधी डेक, म्हणजे नौकेचा वरचा सपाट तळ, रंगवा, मग तो मास्किंग टेपने झाका आणि उभ्या भिंतींवर करडा रंग द्या. वरचे मजले, टरेट आणि होड्या वेगवेगळे रंगवून मग जोडायचे. सगळं जोडून रंगवायला बसलं की ब्रश आत पोचत नाही.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलावर ऑइल पेंटचा जो चकचकीत, भरघोस हात मारतात, त्याच्या नेमकं उलट इथे करायचं. रंग दुधाएवढा पातळ, हात तीन-चार आणि शेवट मॅट. डबीतला करडा रंग जशास तसा वापरू नका. त्यात थोडा पांढरा मिसळा, कारण दूरच्या वस्तूचा रंग फिकट दिसतो आणि छोटं मॉडेल म्हणजे दुरून बघितलेलं जहाजच.

वॉर्निश पूर्ण सुकल्यावर गडद तपकिरी ऑइल पेंट टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून कोपऱ्यांत, दारांच्या कडेला, होड्यांच्या खाली टेकवा. शुद्ध काळा नको. जास्तीचा पुसून घ्या. गंजाच्या बाबतीत हात आखडता घ्या. युद्धनौकेवर खलाशी सतत रंगरंगोटी करत असतात. नांगराच्या भोकाखाली एक-दोन ओघळ पुरेत, आणि १ मिलिमीटर रुंद ओघळ म्हणजे ६० सेंटिमीटर, हे विसरू नका.

रेलिंग आणि दोऱ्या

रेलिंगसाठी पितळेचे कोरीव पत्रे वेगळे मिळतात, त्यांना फोटो-एच म्हणतात. पत्रा असतानाच त्यावर प्राइमर आणि रंग मारून घ्या. कागदाची पट्टी डेकच्या कडेला लावून लांबी मोजा, टाइलवर पात्याने दाबून कापा. नाळेजवळचा बाक ड्रिलच्या गोल दांड्यावर वळवून आणा. चिकटवायला फेविकॉल वापरा. तो सरळ करायला वेळ देतो आणि सुकला की दिसत नाही. फेविक्विकची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी बसते, म्हणून तो तोफांपुरताच ठेवा. फोटो-एच परवडत नसेल तर रेलिंग लावूच नका. नसलेलं रेलिंग कोणाला खटकत नाही, जाड रेलिंग लगेच खटकतं.

डोलकाठ्यांमधल्या दोऱ्यांना पैसे लागत नाहीत. उरलेल्या फ्रेमची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर तीन-चार सेंटिमीटर उंच धरून फिरवत राहा. ज्योतीत घालू नका, पेटते. मधला भाग चमकून वाकायला लागला की बाजूला घ्या, क्षणभर थांबा आणि दोन्ही टोकं ओढा. हळू ओढलं तर जाड, झटक्यात ओढलं तर केसासारखी बारीक तार मिळते. पंखा बंद हवा. पुरेशा तारा एकदम ओढून ठेवा, त्यातल्या सर्वांत बारीक निवडा. टोकाला फेविकॉलचा ठिपका देऊन जागेवर टेकवा. तार थोडी सैल राहिली तर विझवलेल्या उदबत्तीचं गरम टोक जवळ न्या, न टेकवता. ती आपोआप ताणली जाते.

दोऱ्यांवरून मॅट वॉर्निशचा शेवटचा पातळ हात मारा.

ठेवायचं कुठे

धूळ झटकायला फडकं फिरवलं की दोऱ्या तुटतात, म्हणून पेटी हवीच. तालुक्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे ॲक्रिलिक शीटचे कापलेले तुकडे स्वस्तात मिळतात. नौकेच्या लांबीपेक्षा दोन्ही बाजूंना चार बोटं जास्त माप द्या. नौका लाकडी पाटावर दोन छोट्या स्क्रूंनी खालून कसा. त्यासाठी हल बंद करण्याआधीच आत नट चिकटवून ठेवा. पेटी मातीच्या किंवा विटांच्या आतल्या भिंतीला लावा. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारभर ऊन तापतं, तिथे नको.