कोकणातून टेम्पोने नाशिकला येणारी बाईक: समुद्राच्या खाऱ्या हवेतल्या मिठापासून कशी जपाल
अलिबाग-दापोलीकडून उघड्या टेम्पोत बाईक चढवण्याआधी चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल, बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलीन, स्पोक आणि उघड्या नट-बोल्टांना पातळ ग्रीस लावा. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही नको. प्लास्टिक गुंडाळू नका. कसारा घाट चढला की थंडीत आत दव धरतं, आणि मीठ ओलं झालं की गंज सुरू. सुती कव्हर बरं.

उतरवल्यावर त्याच दिवशी, इंजिन गार असताना, नुसत्या पाण्याने धुवा. फडकं नंतर, नाहीतर वाळूने रंगावर ओरखडे पडतात. मडगार्डची आतली बाजू, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), स्टँडचा सांधा हमखास राहून जातात. वॉशिंगवाल्याला प्रेशर पाइप बेअरिंगवर धरू देऊ नका. मीठ विरघळलेलं पाणी आत घुसतं. मग थोडी फिरवून ब्रेक सुकवा आणि चेन पुसून पुन्हा ऑइल करा.