आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड

गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या पाण्यातले डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली (जो नमुन्याची थराथराने प्रतिमा घेतो) बघणं हे माझं रोजचं काम. विद्यार्थी संगणक घ्यायला निघाले की प्रश्न ठरलेला: "मॅडम, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारते, तुझी एक फाइल केवढी आहे?

हे गणित वहीत करता येतं. २०४८ बाय २०४८ पिक्सेलची १६-बिट प्रतिमा म्हणजे साधारण ८ एमबी. एका डायटमचे ४० थर आणि प्रत्येक थराच्या तीन वेगळ्या प्रतिमा, म्हणजे तीन चॅनल: हरितलवकाची लाल चमक, केंद्रकाचा निळा रंग आणि साधा प्रकाश. झाल्या १२० प्रतिमा, जवळपास १ जीबी. फिजीमध्ये (प्रतिमा-विश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर) ती फाइल ३२-बिट केली की दुप्पट होते. त्यावर फिल्टर चालवून मूळही उघडं ठेवलं, तर आणखी एक प्रत मेमरीत बसते. म्हणून फाइलच्या निदान पाचपट रॅम धरा. त्यात जिवंत पेशींचं टाइम-लॅप्स असेल तर ५० वेळांचे ५० जीबी होतात. तिथे सगळं एकदम न उघडता व्हर्च्युअल स्टॅक, म्हणजे लागेल तेवढीच प्रतिमा डिस्कवरून वाचणारी सोय, वापरायला शिका.

माझ्या मते ६४ जीबीपासून सुरुवात करावी. चार खाचांचा मदरबोर्ड आणि ३२ च्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते. १६ च्या चार पट्ट्या स्वस्त पडतात म्हणून दुकानदार गळ घालेल, ऐकू नका.

ग्राफिक्स कार्ड कशासाठी लागणार ते आधी ठरवा. फिजीतली नेहमीची मोजमापं प्रोसेसरवर चालतात. सेलपोजसारख्या साधनाने पेशी वेगळ्या करायच्या असतील तर मात्र कार्डाने फार फरक पडतो. तेव्हा एनव्हिडियाचं घ्या, कारण अशी साधनं कार्डावर चालवायला लागणारी क्यूडा ही प्रणाली त्याच कार्डांवर चालते, आणि कार्डाची स्वतःची मेमरी १२ जीबी तरी बघा. चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), साठवणीला साधी हार्डडिस्क, आणि मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

आता यूपीएस. पावसाळ्यात माड तारांवर पडतो आणि रात्रभर चाललेलं विश्लेषण पहाटे तीनला बंद पडतं. यूपीएस घेताना खोक्यावरचा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) मोठा आकडा बघू नका, प्रत्यक्ष मिळणारे वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटच देतो. कार्डासकट भरात चालणारा संगणक तेवढे सहज ओढतो. समुद्राजवळ प्रयोगशाळा असेल तर खारट, दमट हवा जोडांना गंजवते. कॅबिनेट उघड्या खिडकीपाशी नको, आणि धूळजाळी काढून धुता येईल अशी हवी.

पैसे देण्याआधी आपली सगळ्यात मोठी फाइल पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्या. फिजीत उघडा, गाऊशियन ब्लर (प्रतिमा धूसर करणारा फिल्टर) चालवा, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीची रेघ कुठवर चढते ते बघा. ती माथ्याला टेकली तर तो संगणक घेऊ नका.